सत्तर किलोचा माणूस

सप्टेंबर १९४९ च्या अखेरीस कॅनडातील चॉक रिव्हर येथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांचे शास्त्रज्ञ दोन दिवसांच्या बैठकीसाठी जमले. ऑटावा नदीच्या काठी, वस्तीपासून दूर वसवलेले हे अणुसंशोधन केंद्र होते. सोव्हिएत संघाने अणुस्फोट केल्याची बातमी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जगाला सांगितली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. अणुशस्त्रांची शर्यत आता थांबणार नव्हती. तिन्ही देशांत युरेनियम, प्लुटोनियम आणि पोलोनियम हाताळणाऱ्या कामगारांची संख्या वाढत होती. हे पदार्थ श्वासातून किंवा अन्नपाण्यातून किती प्रमाणात शरीरात गेले तर धोका नाही, हे ठरवणे निकडीचे झाले होते.

या प्रश्नाचे उत्तर हिशेबानेच निघणार होते आणि त्या हिशेबासाठी एक शरीर लागत होते. यकृताचे वजन किती, हाडांचे किती, माणूस दिवसभरात किती हवा आत घेतो, किती पाणी पितो, हे आकडे ठरल्याशिवाय पुढची पायरी चढता येत नव्हती. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपापले आकडे धरून चालत होती, त्यामुळे एकाच पदार्थाच्या मर्यादा ठिकठिकाणी वेगळ्या निघत. चॉक रिव्हरला जमलेल्यांनी हा गोंधळ संपवला. अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेचे विकृतिशास्त्रज्ञ हर्मन लिस्को यांनी अवयवांच्या वजनांचे तक्ते जुळवले होते. त्यांच्या आधारे ७० किलो वजनाचा, दिवसाला २० घनमीटर हवा आत घेणारा एक ‘प्रमाण माणूस’ कागदावर उभा राहिला.

पुढची अनेक दशके जगभरच्या किरणोत्सारविषयक मर्यादा या माणसाच्या शरीरावर बेतल्या गेल्या. मुंबईच्या ट्रॉम्बेतील तंत्रज्ञ, केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू उपसणारा मजूर आणि हिरोशिमातून वाचलेली बाई, या सगळ्यांचे हिशेब कधी ना कधी याच सत्तर किलोच्या पुरुषावर मांडले गेले. आशियातल्या शास्त्रज्ञांनी आपापल्या माणसांची मापे घेऊन हा हिशेब पुन्हा कसा मांडला, त्याची ही हकीकत आहे.

हिशेबाची गरज का पडली

शरीरात गेलेला किरणोत्सारी पदार्थ काय करतो, हे जगाला पहिल्यांदा रेडियमने दाखवले. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावण्याचे काम तरुण मुली करत. कुंचल्याला अणी यावी म्हणून त्या तो ओठांत धरत. दर वेळी रेडियमचा कण पोटात जाई आणि कॅल्शियमसारखाच हाडांत जाऊन बसे. काही वर्षांत त्यांचे जबडे कुजू लागले, हाडे मोडू लागली, कर्करोग झाला. मॅसॅच्युसेट्सचे भौतिकशास्त्रज्ञ रॉब्ली इव्हान्स यांनी अशा रुग्णांच्या शरीरातले रेडियम मोजले. कोणाला किती रेडियमने अपाय झाला आणि कोणाला झाला नाही, हे पाहून १९४१ मध्ये शरीरातील रेडियमची मर्यादा एक मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागावर ठरवण्यात आली. ती मर्यादा जिवंत माणसांच्या यातनांतून मिळाली होती.

प्लुटोनियमच्या बाबतीत तसा अनुभव गाठीशी नव्हता, आणि तो मिळावा अशी कोणाची इच्छाही नव्हती. पदार्थ नवा होता, कारखाने सुरू झाले होते, कामगारांचे बळी जाईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. त्यामुळे मर्यादा कागदावरच काढावी लागली.

हिशेबाचे मूळ तत्त्व साधे आहे. एखाद्या अवयवाला बसणारी किरणमात्रा म्हणजे त्या अवयवाच्या दर किलो वजनामागे शोषली गेलेली ऊर्जा. चमचाभर मीठ मोठ्या पातेल्यातल्या आमटीत फारसे जाणवत नाही, तेच एका वाटीत टाकले तर आमटी खारट होते. तितकाच किरणोत्सारी पदार्थ लहान यकृतात साठला, तर दर किलोमागची मात्रा वाढते. यकृत १,८०० ग्रॅमचे धरले आणि प्रत्यक्षात ते १,२०० ग्रॅमचे असेल, तर कागदावरच्या मात्रेच्या दीडपट मात्रा त्या माणसाला बसते. म्हणून कोणाचे शरीर धरायचे, हा प्रश्न हिशेबाच्या मुळाशीच आहे.

‘संदर्भ माणूस’ घडतो

चॉक रिव्हरचा तक्ता तुटपुंजा होता. किरणोत्सारापासून संरक्षणाचे नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तो १९५९ च्या शिफारशींत वापरला, पण तो नव्याने करायला हवा हे लवकरच उघड झाले. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेचे वॉल्टर स्नायडर यांच्या नेतृत्वाखाली एक गट कामाला लागला. टेनेसी विद्यापीठाच्या इसाबेल टिप्टन या गटात होत्या. शवविच्छेदनात मिळालेल्या ऊतींमधील सूक्ष्म मूलद्रव्ये मोजण्याचे त्यांचे काम मोठे होते. अनेक वर्षे वैद्यकीय वाङ्मय पिंजून काढल्यावर १९७५ मध्ये आयोगाचा तेविसावा अहवाल प्रसिद्ध झाला. जवळपास पाचशे पानांच्या या ग्रंथात एका माणसाचे शरीर इतक्या बारकाव्याने मांडलेले होते, की त्याआधी तसे कोणी केले नव्हते.

त्याचे यकृत १,८०० ग्रॅम, मेंदू १,४०० ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडे मिळून ३१० ग्रॅम, थायरॉईड ग्रंथी २० ग्रॅम. स्नायू २८ किलो, सांगाडा १० किलो. दिवसाला २३ घनमीटर हवा, १,४०० मिलिलिटर मूत्र. वय वीस ते तीस, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर. तो राहतो ते हवामान सरासरी १० ते २० अंश सेल्सियसचे. आणि तो गोऱ्या वंशाचा, पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेच्या चालीरीतींत वाढलेला पुरुष आहे, हेही त्या अहवालात स्पष्ट लिहिले होते.

हा स्पष्टपणा त्या शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देतो. हा माणूस साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी आहे, असा दावा त्यांनी केला नाही. विश्वासार्ह मापे ज्या समाजांची उपलब्ध होती, त्यांच्यावरून त्यांनी तो घडवला. जगातल्या सर्व प्रयोगशाळांना एकाच पायावर हिशेब करता यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु अहवालातले आकडे नियमांत गेले, नियमांतून कोष्टकांत गेले, आणि कोष्टक वापरणाऱ्याला त्यामागचा माणूस दिसेनासा झाला. दहा ते वीस अंशांच्या हवेत राहणाऱ्या त्या तरुणाचे पाणी, घाम आणि श्वास चेन्नईच्या किंवा ढाक्याच्या कामगाराला लावले जाऊ लागले.

बाई तर या चित्रात नावापुरतीच होती. १९६९ मध्ये स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती समीकरणांनी एक शरीर रचले. त्यात सत्तर किलोच्या एकाच धडामध्ये पुरुषाचे आणि स्त्रीचे दोन्ही जननअवयव बसवले होते. स्त्री आणि पुरुष यांची वेगवेगळी गणिती शरीरे जर्मनीत १९८२ मध्ये तयार झाली. त्यांना ‘आदाम’ आणि ‘एव्हा’ अशी नावे दिली गेली.

नेवाडाच्या वाळवंटातील जपानी घरे

मापांचा हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे पुढे आला तो हिरोशिमा आणि नागासाकीमुळे. किरणोत्साराने कर्करोगाचा धोका किती वाढतो, याचे जगातले सर्वांत महत्त्वाचे ज्ञान या दोन शहरांतल्या वाचलेल्या लोकांच्या आयुष्यभराच्या नोंदींवरून आले आहे. पण धोका सांगायचा तर प्रत्येकाला किती मात्रा बसली हे आधी कळायला हवे, आणि ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ ला कोणाच्याही अंगावर मोजमापाचे यंत्र नव्हते.

मग मागे जाऊन एकेक गोष्ट शोधण्याचे काम सुरू झाले. वाचलेल्या हजारो लोकांना विचारण्यात आले, की स्फोटाच्या क्षणी तुम्ही कुठे होता, घरात की रस्त्यावर, उभे की बसलेले, तोंड कोणत्या दिशेला होते. घरांचे नकाशे काढले गेले. लाकूड, माती आणि कौले यांनी बनलेले जपानी घर किती किरण अडवते, हे पाहण्यासाठी अमेरिकनांनी नेवाडाच्या वाळवंटात जपानी धाटणीची घरे बांधली. १९६२ मध्ये तेथे ४६५ मीटर उंच पोलादी मनोरा उभारला, त्यावर एक उघडी अणुभट्टी वरखाली हलवली आणि घरांच्या आत-बाहेर किरण मोजले.

घर जपानी झाले. आता घरात बसलेला माणूसही जपानी हवा होता. बाहेरून येणारे किरण शरीराच्या आतल्या अवयवापर्यंत पोहोचताना वाटेत मांस आणि चरबी त्यांना अडवतात. शरीर सडपातळ असेल तर अडवणूक कमी होते आणि आतल्या अवयवाला जास्त मात्रा बसते. युद्धाच्या अखेरीस जपानमध्ये अन्नाची टंचाई होती आणि माणसे हाडकुळी झाली होती. १९८६ मध्ये तयार झालेल्या मात्रागणनेच्या नव्या पद्धतीत म्हणून प्रौढ जपानी माणसाचे वजन ५५ किलो धरले गेले, मुलांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी वेगळी शरीरे रचली गेली. गुडघ्यांवर बसण्याची जपानी रीतही हिशेबात घेतली गेली, कारण बसलेल्या माणसाचे अवयव उभ्या माणसापेक्षा वेगळे झाकले जातात.

हे काम अजून चालू आहे. अलीकडच्या वर्षांत अमेरिकन आणि जपानी संशोधकांनी १९४५ च्या जपानी लोकांच्या मापांवरून संगणकावर नवी शरीरे घडवली. त्यांत वेगवेगळ्या वयांची मुले आहेत आणि गर्भारपणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या स्त्रियाही आहेत. आज सारे जग ज्या धोक्याच्या आकड्यांवर विसंबते, ते आकडे अधिक खरे व्हावेत म्हणून पाऊणशे वर्षांपूर्वीच्या उपाशी माणसांची मापे शास्त्रज्ञांना पुन्हा शोधावी लागली.

आशिया स्वतःची मापे घेतो

जपानने स्वतःचा ‘संदर्भ माणूस’ घडवायला १९७० च्या दशकातच सुरुवात केली होती. चिबा येथील राष्ट्रीय किरणविज्ञान संस्थेचे गिइचिरो तानाका यांनी शवविच्छेदनातून अवयवांची वजने गोळा केली. त्यांचे सहकारी हिसाओ कावामुरा यांनी आहार आणि ऊती यांतल्या मूलद्रव्यांवर काम केले. या कामातून दिसले, की वजनाने हलका माणूस म्हणजे सगळेच अवयव त्याच प्रमाणात लहान, असे नसते. स्नायू आणि यकृत शरीरासोबत लहान होतात, मेंदू आणि थायरॉईड तितके लहान होत नाहीत. गोऱ्या माणसाचे चित्र सरसकट आखडून जपानी माणूस तयार होत नव्हता. त्याला मोजावेच लागत होते.

आहाराचा फरक तर अवयवांच्या वजनापेक्षाही मोठा ठरला. जपानी लोक समुद्री शेवाळ रोज खातात, त्यामुळे त्यांच्या शरीरात आयोडीन भरपूर असते. भरलेली थायरॉईड ग्रंथी बाहेरून आलेले किरणोत्सारी आयोडीन कमी शोषते. याच्या उलट स्थिती २६ एप्रिल १९८६ नंतर चेर्नोबिलच्या परिसरात दिसली. बेलारूसच्या काही भागांत मुलांच्या आहारात आयोडीन कमी होते. त्यांच्या भुकेल्या थायरॉईडने दुधातून आलेले किरणोत्सारी आयोडीन झपाट्याने ओढून घेतले आणि पुढे अनेक मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. एकाच धुराखाली राहणाऱ्या दोन समाजांवरही आहारानुसार वेगवेगळा आघात होऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतातही या विचाराला जमीन तयार होती. ट्रॉम्बेतील सायरस अणुभट्टी १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने सुरू झाली. चॉक रिव्हरच्याच एनआरएक्स अणुभट्टीच्या धर्तीवर ती बांधलेली होती. ज्या गावातून अणुभट्टीचा आराखडा आला, त्याच गावातून सत्तर किलोचा माणूसही आला होता. पण भारताच्या गरजा वेगळ्या होत्या. आपल्या अणुकार्यक्रमाचा दूरचा भरवसा थोरियमवर आहे आणि थोरियम केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूत मिळते. ही वाळू उपसणाऱ्या आणि थोरियम वेगळे करणाऱ्या कामगाराच्या शरीरात किती थोरियम आढळले म्हणजे ते कामावरून आले असे समजायचे, हे ठरवण्यासाठी सामान्य भारतीयाच्या शरीरात मुळातच ते किती असते, हे आधी माहीत हवे होते.

भाभा अणुसंशोधन केंद्रात एच. एस. डांग, डी. डी. जयस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी आहाराचे आणि मानवी ऊतींचे नमुने अणुभट्टीत न्यूट्रॉनांखाली ठेवले. त्यामुळे नमुन्यातल्या थोरियमच्या अगदी सूक्ष्म अंशातूनही ओळखता येईल असा किरणोत्सार निर्माण होतो आणि तो मोजून मूळ प्रमाण काढता येते. शहरी भारतीय माणूस रोज अन्नातून किती थोरियम पोटात घेतो, त्याच्या रक्तात, हाडांत आणि फुप्फुसांत किती साठते, याचे आकडे त्यातून जमत गेले. १९९४ मध्ये या गटाने ‘संदर्भ भारतीय माणसा’चा प्रस्ताव मांडला. पुढच्याच वर्षी एस. सी. जैन, ए. नागरत्नम् आणि सहकाऱ्यांनी संदर्भ भारतीय प्रौढाची शारीरिक मापे एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या भारतीय पुरुषाचे वजन पन्नाशीच्या जरा वर होते. चॉक रिव्हरच्या माणसापेक्षा तो जवळपास वीस किलोंनी हलका होता.

या वेगवेगळ्या प्रयत्नांना एकत्र आणण्याचे काम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने केले. ‘संदर्भ आशियाई माणूस’ या प्रकल्पाची पहिली बैठक ऑक्टोबर १९८८ मध्ये जपानमधील मितो येथे, दुसरी एप्रिल १९९१ मध्ये मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि तिसरी ऑक्टोबर १९९३ मध्ये चीनमधील त्यांजिन येथे झाली. भारत, चीन, जपान, बांगलादेश, पाकिस्तान, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम हे नऊ देश त्यात होते. यांतल्या काही देशांत एकमेकांशी युद्धे झाली होती. त्यांचे शास्त्रज्ञ मात्र आपल्या माणसांच्या यकृतांची वजने आणि ताटातले पदार्थ यांचे तक्ते घेऊन एका टेबलाशी बसले.

काम चिकाटीचे होते. निरोगी माणसाच्या अवयवाचे वजन हवे असेल तर अपघाताने किंवा अचानक मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी शोधाव्या लागत, कारण दीर्घ आजाराने अवयव बदलून जातात. वीस ते पन्नास वयाच्या प्रौढांची उंची, वजन, छातीचा घेर, फुप्फुसांची क्षमता, मूत्राचे प्रमाण, पाणी आणि अन्न हे सारे देशागणिक गोळा झाले. १९९८ मध्ये अहवाल निघाला. त्यातला आशियाई पुरुष सुमारे ६० किलोचा होता. या नऊ देशांत मिळून जगातली निम्म्याच्या आसपास माणसे राहत होती. त्यांच्या शरीरांची अशी एकत्र नोंद त्याआधी झालेली नव्हती.

मोजल्यावर काय दिसले

पहिली गोष्ट अशी, की काही फरक एकमेकांना खोडतात. लहान शरीराचे अवयव लहान, त्यामुळे तितक्याच पदार्थाने मात्रा वाढते. पण लहान शरीर हवाही कमी आत घेते आणि अन्नही कमी खाते, म्हणजे पदार्थ आत जातो तोच कमी. सीझियम स्नायूंमध्ये पसरते, आणि स्नायू कमी असलेल्या शरीरातून ते लवकर बाहेर पडते. त्यामुळे कितीतरी पदार्थांच्या बाबतीत शेवटचा आकडा फारसा हलत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की काही ठिकाणी फरक टिकतो आणि वाढतो. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात नऊ देशांच्या आहारातली मूलद्रव्ये मोजली गेली. कॅल्शियम, आयोडीन, पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम आशियाई आहारात पाश्चात्त्य संदर्भापेक्षा कमी निघाले. कॅल्शियम कमी असण्याचे मोठे कारण म्हणजे दूधदुभत्याचा कमी वापर. स्ट्रॉन्शियम मात्र जवळपास तितकेच होते. हाडांना कॅल्शियमची भूक असली की त्याच्यासारखेच वागणारे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम जास्त शोषले जाते. अणुअपघात झालाच, तर गरिबाच्या ताटातली ही उणीव त्याच्या हाडांवर उमटेल.

तिसरा फरक छातीच्या भिंतीत सापडला. कामगाराच्या फुप्फुसात प्लुटोनियम गेले आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या छातीवर शोधक यंत्र ठेवून बाहेर येणारे क्षीण क्ष-किरण टिपतात. हे किरण इतके दुबळे असतात की सुमारे सहा मिलिमीटर मांसातून जाताना निम्मे उरतात. ज्या कृत्रिम छातीवर यंत्र जुळवले ती जाड आणि समोरचा कामगार सडपातळ, तर फुप्फुसातल्या प्लुटोनियमचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त निघतो. उलट असेल तर कमी निघतो आणि धोका नजरेतून सुटतो. म्हणून जपानी अणुसंस्थेने घडवलेली आशियाई पुरुषाच्या छातीची प्रतिकृती देशोदेशी पाठवण्यात आली आणि तिच्यावर प्रत्येक प्रयोगशाळेने आपले यंत्र पारखून घेतले.

पाण्याचा आणि विषाचा हिशेब

हाच प्रश्न रासायनिक प्रदूषणालाही लागू पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दीर्घकाळ ७० किलोचा प्रौढ आणि दिवसाला २ लिटर पाणी हे गृहीत धरून धोक्याचे हिशेब केले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक मर्यादा काढताना ६० किलो आणि २ लिटर धरले. विदर्भाच्या उन्हात शेतात राबणारा माणूस दोन लिटरवर भागवू शकत नाही.

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. एक लिटरमध्ये दीड मिलिग्रॅम ही सवलतीची मर्यादा धरू. ७० किलोच्या माणसाने २ लिटर पाणी प्यायले तर त्याच्या दर किलो वजनामागे रोज ०.०४३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. ५० किलोच्या मजुराने ४ लिटर प्यायले तर ०.१२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास तिप्पट. पाणी तेच आणि मर्यादेच्या आतलेच. उष्ण प्रदेशात माणसे जास्त पाणी पितात हे ओळखून अमेरिकेने १९६२ मध्येच आपल्या पाणीपुरवठ्यातल्या फ्लोराइडचे प्रमाण हवेच्या तापमानानुसार कमी-जास्त ठेवले होते.

पश्चिम बंगालची आर्सेनिकची शोकांतिका याच जातीची आहे. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे १९८३ च्या सुमारास हातापायांवर चट्टे असलेले ग्रामीण रुग्ण येऊ लागले. कारण निघाले कूपनलिकांच्या पाण्यातले आर्सेनिक. तेच पाणी शेतकरी भरपूर पितात, त्यातच भात शिजवतात, त्यावरच भात पिकवतात. केवळ ग्लासातले पाणी मोजून त्यांच्या शरीरात गेलेल्या विषाचा पूर्ण आकडा मिळत नाही.

मर्यादा बदलल्या का?

आशियाई मापे हाती आल्यावर कामगारांसाठीची मूळ किरणमर्यादा बदलली नाही. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणमात्रेचे एकक) ही मर्यादा आजही बहुतेक देशांत चालते. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कोणत्याही एका वर्षासाठी ३० मिलिसिव्हर्टची आणखी कडक कमाल घातली आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाची भूमिका अशी, की नियम पाळले जातात की नाही हे तपासण्यासाठी साऱ्या जगाला एकच समान माणूस हवा. एका माणसाला किंवा एका समाजाला प्रत्यक्षात किती धोका आहे हे सांगायचे असेल, तेव्हा मात्र त्यांचीच मापे वापरावीत. आयोगाने २००२ मध्ये संदर्भ शरीरे नव्याने मांडली तेव्हा नवजात बाळापासून प्रौढापर्यंत सहा वयोगट आणि स्त्री-पुरुष वेगवेगळे दिले. पुरुष ७३ किलोचा झाला, स्त्री ६० किलोची. तरीही दोघे पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या लोकांच्या मापांवरच उभे आहेत.

ही विभागणी मला मान्य आहे, पण तिचा दुसरा अर्धा भाग पाळला जातो का, याची काळजी वाटते. सीटी स्कॅनच्या यंत्रावर दिसणारा मात्रेचा आकडा रुग्णाचा नसतो. धडाच्या तपासणीत तो ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या दंडगोलासाठी काढलेला असतो. ज्याच्या धडाचा व्यास २५ सेंटिमीटर आहे, त्याला त्या आकड्याच्या सुमारे दीडपट मात्रा बसते. ही दुरुस्ती करण्याची कोष्टके २०११ पासून उपलब्ध आहेत. आपल्याकडे सडपातळ माणसे, स्त्रिया आणि मुले रोज या यंत्राखाली जातात. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मापाप्रमाणे यंत्र जुळवले गेले पाहिजे.

शिवाय माणसेही बदलत आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पोषणासाठी संदर्भ भारतीय पुरुष एके काळी ५५ किलोचा धरला होता, नंतर ६० किलोचा, आणि २०२० मध्ये ६५ किलोचा. संदर्भ स्त्री ४५ वरून ५५ वर आली. एकदा घेतलेले माप कायमचे पुरत नाही.

चॉक रिव्हरच्या शास्त्रज्ञांनी हाती होते त्यातून उत्तम ते केले. मितो, मुंबई आणि त्यांजिनच्या शास्त्रज्ञांनी त्यांचे काम खोडले नाही, पुढे नेले. त्यांनी दाखवून दिले, की फरक कुठे क्षुल्लक आहे आणि कुठे जिवावर बेतणारा आहे हे मोजल्यावरच कळते. पण संदर्भ भारतीय माणसाची मुख्य मापे तीस वर्षांपूर्वीची आहेत आणि ती प्रामुख्याने प्रौढांची आहेत. आपली मुले, गर्भवती स्त्रिया, आदिवासी समाज आणि उन्हात राबणारे मजूर यांच्या शरीरांची, आहाराची आणि पाण्याची मापे पद्धतशीरपणे घेऊन ती सर्वांसाठी खुली ठेवणे हे आता आपल्या संशोधन संस्थांचे आणि नियामकांचे कर्तव्य आहे. अणुवीज वाढवण्याचे आणि गावोगावी सीटी यंत्रे नेण्याचे बेत आखणाऱ्या देशाने हे काम आधी हाती घ्यावे.